रात्र थोडी, सोंगे फार

वाचनपाठ : कॉलेजच्या पहिल्या वर्षातले वेळेचे गणित

(हा पाठ तरुणांनी मोठ्याने वाचावा. वडीलधाऱ्यांनी जवळ बसून ऐकावा आणि अडलेला शब्द समजावून सांगावा. पाठात आलेल्या म्हणी वहीत उतरवून घ्याव्यात.)

तिश्री महिन्याचे सण संपले की इस्रायलमधील विद्यापीठांचे नवे वर्ष सुरू होते. नव्याचा सण झाला, दारफाळणीचा उपास झाला, सुक्कोथ आणि सिमहाथ तोरा झाले, की पाठीवर पिशवी घेतलेली मुले-मुली बसस्टॉपवर दिसू लागतात. आपल्या समाजातही आता दर वर्षी बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी असे निघते. त्या घरात आनंद असतो. आणि साधारण दोन महिन्यांनी त्याच घरात एक वाक्य ऐकू येऊ लागते : "वेळच मिळत नाही."

या अवस्थेला मराठीत एक नेमकी म्हण आहे : रात्र थोडी, सोंगे फार. रात्रभर चालणाऱ्या खेळात सोंगे आणणारे पुष्कळ असतात, पण उजाडायचे ते वेळेवरच उजाडते. रात्र काही कोणासाठी लांबत नाही. मग एक तर सोंगे कमी करावी लागतात, नाही तर कोणते आधी आणि कोणते नंतर हे ठरवावे लागते. वेळेचे नियोजन म्हणतात ते एवढेच आहे.

नव्याचे नऊ दिवस

दिमोना गावातल्या एका घराची ही गोष्ट. घरात आजी, मुलगा, सून आणि नात. नातीने सैन्यातली सेवा पूर्ण केली, एक वर्ष नोकरी केली आणि बावीसाव्या वर्षी बेर शेवाच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला नाव घातले. घरातून विद्यापीठात जाणारी ती पहिलीच. आजीने शेजारीपाजारी पेढे वाटले.

पहिले दोन आठवडे छान गेले. नव्या वह्या, रंगीत पेन, प्रत्येक तासाची टिपणे सुंदर अक्षरात. तिसऱ्या आठवड्यात एक टिपण राहिले. पाचव्या आठवड्यात गणिताचे स्वाध्याय दुसऱ्याचे बघून उतरवले गेले. आठव्या आठवड्यात ती वर्गात बसायची, पण फळ्यावर काय चालले आहे ते कळत नव्हते. विचारायची लाज वाटे. घरी कोणी विचारले तर ती म्हणे, "चाललंय."

सेमिस्टर साधारण तेरा आठवड्यांचे असते. ते संपले आणि परीक्षा आली. सांख्यिकीच्या पेपरात तिला शंभरपैकी ४२ गुण मिळाले. नापास. ही गोष्ट तिने घरी सांगितली नाही.

मुलगी आळशी होती का? मुळीच नाही. सैन्यात ती पहाटे उठत होती आणि दिलेले काम चोख करत होती. फरक इथेच आहे. सैन्यात प्रत्येक तासाचा मालक दुसरा कोणीतरी असतो. उठायचे कधी, जेवायचे कधी, कुठे उभे राहायचे, सगळे ठरलेले असते. शाळेतही घंटा वाजते. विद्यापीठात मात्र आठवड्यातले वीसेक तासच ठरलेले असतात. बाकीच्या तासांचा हिशेब कोणी मागत नाही. जो हिशेब कोणी मागत नाही तो स्वतः ठेवावा लागतो, आणि हे कोणी शिकवलेले नसते. बहुतेक नवे विद्यार्थी इथेच ठेचकाळतात.

घाण्याचा बैलसुद्धा उभा असे

त्या शुक्रवारी दुपार कलली तरी मुलगी टेबलावर पुस्तक उघडून बसली होती. आजीने शब्बाथच्या दिव्यांची तयारी केली आणि हाक मारली.

"आजी, आज नको. मला उद्या पण बसावं लागेल. खूप राहिलंय गं."

आजी रागावली नाही. समोरची खुर्ची ओढून बसली.

"किती राहिलंय?"

मुलीने उत्तर दिले नाही. मग रडू आले, आणि ४२ गुणांची गोष्ट बाहेर पडली.

आजीने तिला रडू दिले. मग म्हणाली, "माझ्या आजोबांचा कोकणात तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद. घाण्याचा बैलसुद्धा उभा असे. गावाला ठाऊक होतं, शनिवारी यांच्याकडे तेल मिळायचं नाही. म्हणून गाव शुक्रवारीच तेल नेत असे. आजोबा सहा दिवसांतच सात दिवसांचं पोट भरायचे. तू सात दिवस बसतेस, तरी तुला पुरत नाही. मग दिवस कमी आहेत का गं, की हिशेब नाही?"

कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत बेने इस्राएल लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, हे समाजातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. त्या नावात धर्म आहे तसा व्यवहारही आहे. ज्याला माहीत आहे की शुक्रवारी सूर्यास्ताला काम थांबणार, तो सोमवारीच शुक्रवारचा विचार करतो. शेवटची वेळ पक्की असली की आधीच्या वेळेला किंमत येते.

इंग्रज लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली थट्टेने एक नियम मांडला होता. त्याचा आशय असा की, कामाला जेवढा वेळ द्यावा तेवढे ते पसरत जाते. एक पत्र लिहायला पूर्ण दिवस दिला तर ते पत्र पूर्ण दिवस खाते. ज्या विद्यार्थ्याला "शनिवार आहेच की" असे वाटते, त्याचे शुक्रवारचे काम शनिवारवर जाते आणि शनिवारचे पुढच्या आठवड्यावर.

आठवड्याचा ताळेबंद

शब्बाथ संपल्यावर, शनिवारी रात्री आजीने किराणा मालाच्या हिशेबाची वही काढली आणि नातीसमोर ठेवली. "आधी काय जमा आहे ते लिही. मग खर्च लिही."

पण त्याआधी एक गोष्ट करायची होती. मुलीला वाटत होते की ती आठवड्याला वीस तास तरी अभ्यास करते. आजी म्हणाली, "वाटतं ते राहू दे. एक आठवडा लिहून बघ." मुलीने सात दिवस प्रत्येक तास कुठे गेला ते खरेखरे लिहिले. अभ्यासाचे तास भरले नऊ. सव्वीसपेक्षा जास्त तास फोनवर गेले होते, तेही पाच-पाच, दहा-दहा मिनिटांनी. भोक बारीक असले तरी हंडा रिकामा होतोच.

मग दोघींनी मिळून नवा हिशेब मांडला. तो असा :

आठवड्याचे एकूण तास : १६८
शब्बाथ : २५. उरले १४३
बाकीच्या सहा रात्रींची झोप, रोज साडेसात तास : ४५. उरले ९८
जेवण, आंघोळ, घरकाम, सहा दिवस रोज अडीच तास : १५. उरले ८३
वर्गातले तास : २०. उरले ६३
दिमोना ते बेर शेवा जाऊन-येऊन, चार दिवस रोज दोन तास : ८. उरले ५५
नोकरी, आठ तासांच्या दोन पाळ्या : १६. उरले ३९
शुक्रवारचा बाजार आणि शब्बाथची तयारी : ४. उरले ३५
घरचा अभ्यास : २५. उरले १०

या हिशेबात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, झोप खर्चात आधीच धरली आहे. दिवसा शिकलेले झोपेत मेंदूत पक्के होते. रात्रभर जागून वाचणारा विद्यार्थी एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो.

दुसरी, नोकरीच्या पाळ्या तीनच्या दोन झाल्या. हे सोपे नव्हते. तिच्या पगारातून घरभाड्याला हातभार लागत होता. घरात बोलणे झाले. वडील म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत आपण भागवू." वेळेचे गणित पुष्कळदा पैशाचे गणित असते, आणि ते एकट्याने सोडवता येत नाही. म्हणून ते घरात उघड बोलावे.

तिसरी, शेवटचे दहा तास मोकळे ठेवले आहेत. तेही भरून टाकायचा मोह होतो. पण बस चुकते, ताप येतो, घरात पाहुणे येतात. सगळे तास भरलेला आठवडा पहिल्याच धक्क्याला कोसळतो. ज्याच्या गाठीला दहा तास आहेत तो सावरतो.

तहान लागल्यावर विहीर

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणे म्हणजे तेच. यामागे शास्त्रही आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचे. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष छापले. त्याला आढळले की पाठ केलेले सुरुवातीला फार वेगाने विसरले जाते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. एकाच दिवशी खूप घोकण्यापेक्षा तीच उजळणी वेगवेगळ्या दिवसांत वाटून केली तर कमी श्रमांत जास्त टिकते, हेही त्याला दिसले.

यातून विद्यार्थ्याने एक साधा नियम घ्यावा. आज वर्गात जे शिकवले ते आजच रात्री पंधरा मिनिटे पाहावे. तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. आठवड्याने वही मिटून आठवून लिहावे आणि मग ताडून पाहावे. नुसते पुन्हा पुन्हा वाचले की ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटले की आपल्याला येते असा भास होतो. वही मिटली की खरे काय ते कळते.

इस्रायलमधल्या नव्या विद्यार्थ्याला आणखी एक भूल पडते. इथे परीक्षेच्या सहसा दोन संधी असतात, मोएद आलेफ आणि मोएद बेत. "आलेफ गेली तर बेत आहेच" असे म्हणत पुष्कळ जण पहिली संधी हातची घालवतात. पण मोएद बेतच्या दिवसांत दुसऱ्या विषयांच्या परीक्षाही डोक्यावर असतात, आणि सुट्टीतली नोकरी जाते ती वेगळीच. दुसरी संधी ठेच लागलेल्याला उठण्यासाठी आहे. तिच्यावर विसंबून चालू नये.

थेंबे थेंबे तळे साचे

मोठे काम पाहिले की माणूस बिचकतो, आणि बिचकला की चालढकल करतो. सिनेगॉगमध्ये जाणाऱ्याला यावरचा उपाय नवा नाही. सगळी तोरा एका बैठकीत वाचायची म्हटली तर कोणाला जमेल? पण ती ५४ पाराशांत वाटलेली आहे. दर शब्बाथला ठरलेला भाग वाचला जातो, काही आठवड्यांत दोन भाग जोडून वाचले जातात, आणि वर्षाने सिमहाथ तोराला वाचन पूर्ण होते. त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून आरंभ होतो. घाई नाही आणि खंडही नाही.

मुलीने सांख्यिकीच्या पुस्तकाचे असेच भाग पाडले. बारा प्रकरणे होती आणि मोएद बेतला साडेतीन आठवडे होते. दोन दिवसांना एक प्रकरण, असे तिने कागदावर लिहिले. शब्बाथचे दिवस वगळले. मग दिवस एकवीस उरले आणि प्रकरणांना चोवीस हवे होते. मग तिने ज्या तीन प्रकरणांत तिला बरे येत होते त्यांना एकेकच दिवस दिला. हिशेब बसला.

रोज बसताना तिने आणखी एक युक्ती वापरली. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थाने विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ घेऊन ही रीत बसवली. तिला 'पोमोडोरो' म्हणतात, कारण इटालियनमध्ये टोमॅटोला तेच नाव आहे. पंचवीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती. असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. त्या पंचवीस मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत. दिमोनातल्या त्या घरात फोन आजीच्या उशीखाली जायचा.

बसमधला वेळही तिने कामी आणला. जाताना कालच्या धड्याची उजळणी, येताना डोळे मिटून विश्रांती. येतानाही अभ्यासच करायचा, असे तिने आधी ठरवले होते. चार दिवसांत डोके दुखू लागले, म्हणून सोडून दिले. आपल्याला झेपेल तेच वेळापत्रक खरे.

एक ना धड, भाराभर चिंध्या

ही म्हण पुढच्या चुकीसाठी. एका कानाने व्याख्यान, एका डोळ्याने संदेश आणि मध्येच दुसऱ्या विषयाचा स्वाध्याय, असे करणाऱ्याला आपण खूप कामे करतो असे वाटते. प्रत्यक्षात मन एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि प्रत्येक उडीला थोडा वेळ सांडतो. संध्याकाळी हाती चिंध्या उरतात.

मदत मागणे हाही नियोजनाचाच भाग आहे. मुलगी आठव्या आठवड्यात गप्प राहिली, तेव्हाच विचारले असते तर पुढचे टळते. विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहणारी 'दिकान हस्तुदेन्तिम' ही कचेरी असते. शिकवणीची मदत किंवा आर्थिक मदत यांची चौकशी तिथे करावी. मिलुइमला, म्हणजे राखीव सेवेला, बोलावणे आलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा आणि हजेरीच्या बाबतीत सवलती असतात. त्या कोणत्या, हे परत आल्यावर नव्हे तर जाण्यापूर्वी विचारून लिहून ठेवावे.

सवड मिळाली की शिकू, असे म्हणणाऱ्याला हिलेल यांनी पिर्के आबोथमध्ये सावध केले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही सवड आपोआप मिळत नव्हती. ती काढावी लागत होती.

वडीलधाऱ्यांसाठी चार गोष्टी

मूल घरात पुस्तक घेऊन बसले म्हणजे ते मोकळे आहे, असे वडीलधाऱ्यांना वाटते. "बसलीच आहेस तर जरा हे पत्र वाचून दे." "जरा दवाखान्यात फोन लाव." प्रत्येक काम पाच मिनिटांचे असते. पण तुटलेले लक्ष पुन्हा जोडायला त्याहून जास्त वेळ लागतो. हिब्रू पत्रे वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांची अडचण खरी आहे आणि त्यांना मदत करणे नातवंडांचे कर्तव्यही आहे. त्या घरात यावर तोड निघाली. आजी सगळी पत्रे एका डब्यात ठेवू लागली. शुक्रवारी सकाळी एक तास नात आणि आजी चहा घेऊन बसत आणि डबा रिकामा करत. घाईचे पत्र असेल तरच मधे हाक.

दुसरी गोष्ट, परीक्षांच्या तारखा विद्यार्थ्याने घरी सांगाव्यात आणि फ्रिजवर लावाव्यात. मग मलिद्याचा, साखरपुड्याचा किंवा बार मित्स्वाचा दिवस ठरवताना घरच्यांना विचार करता येतो. तारीख न सांगता "माझा कोणी विचार करत नाही" म्हणणे बरोबर नाही.

तिसरी, एखाद्या समारंभाला मूल आले नाही तर त्याला गर्विष्ठ म्हणू नये. आणि मुलानेही प्रत्येक समारंभाला अभ्यासाचे कारण पुढे करू नये. ज्या आजीने पेढे वाटले तिच्या घरच्या मलिद्याला दोन तास निघायलाच हवेत.

चौथी, गुण विचारण्याआधी "जेवलीस का, झोपलीस का" हे विचारावे. ज्या घरात नापास झाल्याचे सांगता येते, त्या घरातले मूल लवकर सावरते.

मोएद बेतला मुलीला ७१ गुण मिळाले. फार मोठे गुण नव्हेत, पण ते तिचे स्वतःचे होते. दुसऱ्या सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी तिने तीच किराणा मालाची वही पिशवीत टाकली. आजी म्हणाली, "अगं, मग मी तेल-तांदळाचा हिशेब कशात लिहू?" त्या शुक्रवारी बाजारातून येताना नातीने आजीसाठी नवी वही आणली.

शब्दार्थ

सवड : मोकळा वेळ. हिब्रूत 'पनाय'.
चालढकल : काम पुढे पुढे ढकलणे. हिब्रूत 'दख्यानूत'.
उजळणी : शिकलेले पुन्हा पाहणे. हिब्रूत 'खझारा'.
पाळी : कामाची ठरलेली वेळ. हिब्रूत 'मिश्मेरेत'.
ताळेबंद : जमा आणि खर्च यांचा पक्का हिशेब.
तोड निघणे : दोन्ही बाजूंना पटेल असा मार्ग सापडणे.

स्वाध्याय

१. स्वतःचा एक आठवडा तासातासाने लिहा. आधी अंदाज लिहा, मग खरा आकडा लिहा. दोन्हींत किती फरक पडला?
२. पाठातील हिशेबाप्रमाणे १६८ तासांचा तुमचा ताळेबंद मांडा. शेवटी किती तास मोकळे उरतात?
३. 'रात्र थोडी, सोंगे फार' आणि 'एक ना धड, भाराभर चिंध्या' या म्हणी कोणत्या वेळी वापराल? प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
४. आजीने नातीला वेळापत्रक स्वतः लिहून का दिले नाही? वर्गात चर्चा करा.
५. घरातील सर्वांत वडील माणसाला विचारा : भारतात असताना शुक्रवारचा दिवस कसा जात असे? दिवे लावण्यापूर्वी कोणकोणती कामे आटोपावी लागत? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत मराठीत लिहून आणा.
६. वडीलधाऱ्यांसाठी : तरुणपणी तुमच्या हातून वेळेची कोणती चूक झाली, ती नातवंडांना सांगा.